सरळ शब्दकोडे की गूढ? रोजच्यासाठी कोणते निवडावे

रोज एक शब्दकोडे सोडवायचे ठरवले की आधी एक निवड करावी लागते: सरळ क्लूंचे कोडे घ्यायचे की गूढ? आडवे-उभे शब्द, काळी-पांढरी घरे दोन्हीकडे असतात. डोक्याला लागणारे काम मात्र वेगळे.

'नदी' हेच उत्तर घ्या. सरळ कोड्यात क्लू असेल 'जलप्रवाह (२)'. नदी सुचते, तसा ओढा सुचतो, ओघ सुचतो, धारही सुचते. सगळे दोन अक्षरी. छेदणाऱ्या शब्दाने पहिल्या घरात 'न' दिला तर प्रश्न मिटला. 'ओ' दिला असता तर ओढा की ओघ हा घोळ तसाच राहिला असता. गूढ कोड्यात हेच असे विचारता येईल: 'गरीब उलटला की जलप्रवाह (२)'. गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात शब्दाची घडण. दोन्हींचे उत्तर एकच आले की शेजारची घरे रिकामी असली तरी पेनने लिहायला हरकत नाही. ही खात्री पटण्यात जो आनंद आहे, तो सरळ कोड्यात मला क्वचितच मिळतो.

तरीही सरळ कोड्याला कमी लेखू नये. १९१३ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आलेले आर्थर विन यांचे कोडे, जे पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाते, सरळच होते. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येते, त्यामुळे एखादे नाव कधी ऐकलेले नसले तरी ते आपोआप भरले जाते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे कोडे सोमवारी सोपे असते आणि शनिवारपर्यंत अवघड होत जाते. नवख्याने सोमवार धरावा. तक्रार एवढीच, की जागा भरायला तेच ते तीन-चार अक्षरी शब्द पुन्हा पुन्हा येतात.

मराठी कोड्याची अडचण निराळी. एका घरात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. छेद जुळायला 'नि'ला 'नि'च हवा, 'नी' चालत नाही. त्यामुळे शब्द गुंफणे कठीण जाते, काळी घरे वाढतात आणि सोडवणाऱ्याला छेदांचा आधार कमी मिळतो. त्यात कोडेकाराने ह्रस्व-दीर्घाकडे डोळेझाक केली तर फार खटकते. आपण बरोबर उत्तर खोडून बसतो.

गूढ कोड्याला वेळ मात्र भरपूर लागतो. ब्रिटिश धाटणीच्या चौकटीत साधारण निम्म्या अक्षरांना छेदच नसतो, म्हणून अडलात की अडलात. नियम माहीत नसतील तर क्लू निरर्थक वाक्यासारखा वाटतो. चहा संपेपर्यंत कोडे पुरे व्हायला हवे असेल तर सरळच घ्या. अर्धवट कोडे दिवसभर डोक्यात घोळवायला आवडत असेल तर गूढ.

फोनवर सोडवणार असाल तर चूक लगेच दाखवणारी सोय बंद ठेवा, नाहीतर अंदाजाने अक्षरे टाकायची सवय लागते. आणि गूढ निवडलेत तर सुरुवातीला छापलेली उत्तरे समोर ठेवा, एकेका उत्तरावरून क्लूकडे उलटे जा: अर्थ कुठे संपला, घडण कुठून सुरू झाली, आणि 'बिघडला', 'फिरला', 'पोटात' यांसारखा कोणता शब्द अक्षरांचे काय करायचे ते सांगतो आहे.