पणजीत दोघांसाठी: फोंतेन्यास की मिरामार?

जोडीने दोन दिवस पणजीत काढायचे असतील, तर माझं मत फोंतेन्यास या पोर्तुगीजकालीन वस्तीतल्या जुन्या घरातल्या हॉटेलला. पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी जिना, काही घरांना अजून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. काचेसारखं आरपार दिसत नाही, पण सकाळचं ऊन त्यातून दुधाळ होऊन खोलीत उतरतं. खाली उतरलं की एकोणिसाव्या शतकातलं सेंट सेबॅस्टियन चॅपेल, बेकरीतला गरम पोई (गोव्याचा पाव), आणि मांडवी नदीचा काठ चालत गाठता येतो. गाडी लागतच नाही, हे सुख फार मोठं.

उणिवाही आहेत. गल्ल्या अरुंद, पार्किंगची बोंब, काही ठिकाणी लिफ्ट नाही. दिवसभर फोटो काढणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून खोली अंगणाच्या बाजूची मागा.

मिरामारला हॉटेलं नव्या पद्धतीची. मांडवीच्या मुखाशी किनारा, सूर्यास्त समोर, कला अकादमी जवळ. कार घेऊन येणाऱ्यांना हेच सोयीचं. खोल्या मात्र कुठल्याही शहरातल्यासारख्या.

डिसेंबरअखेरीस दोन्हीकडे दर कडाडतात. पावसाळ्यात या, आणि बुकिंगआधी खोलीची खिडकी कुठे उघडते ते फोनवर विचारा.