फायबर पावडर + फिश ऑईलचा कॉम्बो पॅक, दोन महिने घेऊन झाल्यावर

पोट साफ न होण्याचा त्रास जुनाच, त्यात दिवसभर खुर्चीत बसून काम, म्हणून हा 'गट हेल्थ'वाला, म्हणजे आतड्याच्या आरोग्यासाठीचा, कॉम्बो पॅक मागवला. एका डब्यात फायबर पावडर, एका बाटलीत फिश ऑईलच्या कॅप्सूल, आणि खोक्यावर ठळक अक्षरात की दोन्ही एकत्र घ्या, डबल फायदा. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नंतर शोधलं तर अशाच धाटणीचे अजून बरेच पॅक दिसले आणि सगळ्यांचा सूर तोच.

आधी पावडर. एका चमच्यात 5 ग्रॅम फायबर, त्यात इन्युलिन आणि इसबगोल मिक्स. आता दोन्ही फायबरच, पण कामं अगदी वेगळी. इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि त्याची जेल होते, त्यामुळे शौचाला मऊ होतं, बॅक्टेरिया त्याला फारसे खात नाहीत. इन्युलिन मात्र मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आवडीने खातात, आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी फॅटी ॲसिड्स तयार होतात, जे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. बॅक्टेरिया ते खातात तेव्हा गॅसही होतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी उत्साहात दोन चमचे घेतले आणि रात्री पोट नगाऱ्यासारखं. मग अर्ध्या चमच्यावर आलो, आठवड्याने एक केला, तिसऱ्या आठवड्यात दोन, तेव्हा काही झालं नाही. लेबलवर 'हळूहळू वाढवा' आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की फोनने फोटो काढून झूम करावं लागलं. आणि तिथेच भरपूर पाण्यासोबत घ्या हेही आहे, जे खरं तर सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं, कारण इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकू शकतं. पाण्यात ढवळून गप्पा मारत बसलात तर ग्लासात खळ तयार होते, लगेच प्यायचं.

रिझल्ट? साधारण दहाव्या दिवसापासून सकाळचा प्रॉब्लेम संपला. मनापासून सांगतो, संपला. पण दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम, आणि डब्ल्यूएचओ मोठ्या माणसांना दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगते, तेही जेवणातूनच, म्हणजे धान्यं, भाज्या, फळं, कडधान्यं. त्यामुळे डबा आहे म्हणून ताटातलं सोडून चालत नाही.

आता कॅप्सूल, इथे माझी चिडचिड आहे. बाटलीवर 1000 मिग्रॅ, ते वाचून वाटतं वा! मागे फिरवून बघा, ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं ओमेगा ३ फक्त 300 मिग्रॅ, बाकी नुसतं तेल. रिकाम्या पोटी घेतली तर दुपारपर्यंत मासळीचे ढेकर, मीटिंगमध्ये तोंड बंद ठेवून बसलोय मी. जेवणासोबत घ्यायला लागल्यावर ढेकर बरेच कमी झाले, शिवाय जेवणात स्निग्ध पदार्थ असले की तेल शोषलंही नीट जातं. बाटली पारदर्शक आहे, हे मला अजिबात पटलेलं नाही, हे तेल उजेड आणि हवेने खवट होतं, म्हणून मी ती फ्रिजमध्ये टाकली.

मग तो 'एकत्र घ्या'वाला दावा. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात उंदरांवर बरंच काम झालंय, त्यात फिश ऑईल आणि पेक्टिन, म्हणजे आंबवलं जाणारं फायबर, असा जोड दिला तेव्हा कॉर्न ऑईल आणि सेल्युलोज (फारसं न आंबणारं फायबर) यांच्या तुलनेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून जास्त संरक्षण दिसलं. डीएचए पेशीच्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाच्या) पडद्यात जाऊन बसतं, फायबरमधून ब्युटिरेट येतं, आणि दोन्ही मिळून बिघडलेल्या पेशीला स्वतःहून मरायला भाग पाडतात, असा तो हिशोब. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे! इंग्लंडमधल्या लीड्समध्ये 22 निरोगी माणसांना आठ आठवडे रोज 4 ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं, तेव्हा ब्युटिरेट बनवणाऱ्यांपैकी काही बॅक्टेरिया वाढले, पण बंद केल्यावर परत होते तिथे. 4 ग्रॅम म्हणजे या बाटलीतल्या 13 कॅप्सूल रोज, आणि लेबल सांगतं दोन. आणि 2008 मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायल्समध्ये क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) परत उलटू नये म्हणून असंच 4 ग्रॅम ओमेगा ३ दिलं तर काहीच उपयोग झाला नव्हता. त्यामुळे आतड्याचा आजार असेल तर खोक्यावरचं वाचून काही ठरवू नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूलआधी डॉक्टरांना विचारा.

मी शेवटी पावडर सकाळी आणि कॅप्सूल रात्रीच्या जेवणात अशी विभागणी केली. बाकीची औषधं इसबगोलापासून दोनेक तास लांब ठेवायची असतात, म्हणून तेच सोयीचं पडलं. मधे दहा दिवस कॅप्सूल बंद ठेवून बघितल्या, पोटाला काहीही फरक जाणवला नाही. पावडर तीन दिवस विसरलो तर लगेच कळलं.

पावडर परत घेणार, पण सुटी, कॉम्बो नाही. पावडरला चार स्टार, कॅप्सूलला दोन, आणि तो मापाचा चमचा दर वेळी पावडरीत तळाला जाऊन बसतो, रोज सकाळी कोपरापर्यंत हात पांढरा, त्याला शून्य.