‘यूज्ड टू’ आणि ‘अ‍ॅम यूज्ड टू’

‘आय यूज्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे मी पूर्वी चहा प्यायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रिंकिंग टी’ म्हणजे मला चहा प्यायची सवय आहे, आजही.

आपल्याकडे खरा घोटाळा पहिल्यात होतो. मुलाखतीत उमेदवार सांगतो, ‘आय यूज्ड टू रीड द न्यूजपेपर डेली’. त्याला म्हणायचं असतं, मी रोज पेपर वाचतो. इंग्रजी नीट जाणणाऱ्याला मात्र कळतं, याने वाचन सोडलं! या ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळाचं रूपच नाही. चालू सवयीसाठी साधं ‘आय रीड’ पुरतं, आणि मुलांना हे आधी शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. ‘नव्हतो करत’ म्हणायचं तर ‘डिडन्ट यूज टू’.

दुसऱ्याचं सोपं आहे. पुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप: ‘शी इज यूज्ड टू द हीट’, ‘वी वेअर यूज्ड टू वेटिंग’. काळ हवा तो घ्या. सवय अजून लागतेय? मग ‘गेटिंग यूज्ड टू’.

उच्चार दोन्हींचा एकच, ‘यूस्टू’. ‘यूझ्ड’ म्हणायचं ते फक्त ‘वापरला’ या अर्थी.