खोक्यातून दुसरीच स्ट्रोलर निघते तेव्हा

थीम पार्कची तिकिटं काढून झालेली असतात, राहायची सोय झालेली असते, आणि निघायला दहा-बारा दिवस उरले असताना घरात कुणाच्या तरी लक्षात येतं, की मूल दिवसभर चालणार नाही. मोठ्या पार्कात दिवसाला दहा किलोमीटर चालणं सहज होतं. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर स्ट्रोलरची, म्हणजे घडी होणाऱ्या बाबागाडीची, जाहिरात येते: वजन पाच किलो, एका हाताने घडी, विमानात वरच्या कप्प्यात मावते, जन्मापासून २५ किलोपर्यंत चालते, किंमत नेहमीच्या निम्मी, आणि खाली उलटी धावणारी घड्याळं. स्ट्रोलरच्या बाबतीतली फसवणूक बहुतेक वेळा इथून सुरू होते. विकणाऱ्याला ठाऊक असतं, की तुमच्याकडे परत करायला आणि दुसरी मागवायला वेळ नाही.

फोटो अस्सल असतात, कारण ते मूळ कंपनीचेच उचललेले असतात. खोक्यातून निघते ती तशी दिसणारी, पण वेगळ्याच सांगाड्याची गाडी. म्हणून पैसे भरण्याआधी जाहिरातीतला फोटो प्रतिमा-शोधात टाका. तोच फोटो पाच निरनिराळ्या नावांच्या दुकानांत, पाच निरनिराळ्या किमतींना दिसला तर तिथेच थांबा. दुकानाचा पूर्ण पत्ता, परतीचा पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी थांबा. थेट बँक खात्यात किंवा ‘ओळखीच्या व्यक्तीला’ पाठवण्याच्या पर्यायातून पैसे मागितले तर व्यवहार करूच नका. त्या वाटेने गेलेले पैसे परत मिळणं फार अवघड असतं.

आता आकड्यांकडे या. लबाडी सगळ्यात जास्त इथे असते आणि ती पकडता येते.

वजनाचा आकडा बऱ्याचदा नुसत्या सांगाड्याचा असतो. छत, पुढचा दांडा, टोपली धरली की किलो-दीड किलो वाढतं. घडीच्या मापातही हाच खेळ: पुढची चाकं काढून मोजलेलं माप छापतात. ‘विमानात नेता येते’ या शब्दांना स्वतःचा असा अर्थ नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने केबिन बॅगेसाठी ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर हे मार्गदर्शक माप सांगितलं आहे, पण प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो आणि बऱ्याच कंपन्यांचा याहून कडक. लांबी, रुंदी, जाडी असे तिन्ही आकडे जाहिरातीत नसतील तर विक्रेत्याकडून लेखी मागा आणि तुमच्या विमान कंपनीच्या नियमाशी ताडून पाहा.

‘जन्मापासून’ हा दावा त्याहून गंभीर आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाठ जवळजवळ आडवी होणारी गाडी लागते. युरोपीय मानकात त्यासाठी पाठ आणि बैठक यांतला कोन किमान १५० अंश धरला आहे. नकली गाडीत पाठीमागचा पट्टा सैल सोडला की कापड नुसतं झोळीसारखं लोंबतं आणि बाळाची मान पुढे वाकते. फोटोत हे कधीच दिसत नाही, कारण त्यातली गाडी रिकामी असते.

मानकांची नावं तर सर्रास चुकीची छापतात आणि नकली माल ओळखायची ही उत्तम जागा आहे. युरोपात २०१८ पासून बाबागाड्यांचं मानक दोन भागांत आहे: ईएन १८८८-१ हे १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि ईएन १८८८-२ हे १५ ते २२ किलोच्या मुलांसाठी. अमेरिकेत एएसटीएम एफ८३३ बघायचं. ‘ईएन ७१ प्रमाणित’ असं लिहिलं असेल तर ते खेळण्यांचं मानक आहे; स्ट्रोलरमध्ये बसवलेलं मूल त्याने सुरक्षित ठरत नाही. सीई ही खूणही, म्हणजे माल युरोपीय नियमांना धरून असल्याची खूण, पुरावा म्हणून दाखवतात. बाबागाड्यांना सीई खूण लावायची तरतूदच नाही, त्यामुळे ती ठळक छापलेली दिसली तर शंका कमी न होता वाढली पाहिजे. आणि २५ किलोचा दावा करणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावरच्या पट्टीवर १५ किलो लिहिलेलं असेल, तर पट्टीवरचा आकडा धरा.

खोकं आल्यावर ते उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत. मग गाडी जोडा आणि आधी हाताने तपासा. पुढचं चाक बटण न दाबता जोरात ओढून बघा; निघून आलं तर पार्कातल्या पहिल्याच उंचवट्यावर निघणार. घडी उघडी ठेवणारं मुख्य कुलूप आणि त्याला राखण म्हणून दुसरी कडी, अशी दोन्ही असायला हवीत. नकली गाडीत दुसरी कडी एकतर नसते किंवा नुसती शोभेची असते, आणि मग मूल बसलेलं असताना गाडी मिटते. बेल्ट पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. पायांमधला पट्टा कुठे अडकवलाय ते गाडी उलटी करून पाहा. तो सांगाड्याला किंवा बैठकीखालच्या भक्कम पाट्याला बांधलेला असावा. नुसता कापडाला शिवलेला पट्टा झटक्यात उसवतो. अंक पुसट छापलेली पट्टी, अनुक्रमांकच नसणं, उग्र रासायनिक वास, एका चाकावर डुलणारी गाडी, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर पुढची चाचणी न करता परतीची तक्रार नोंदवा.

त्यातून पार पडली तर वजनाची चाचणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा मुलाच्या वजनाइतक्या पाण्याच्या बाटल्या घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून बेल्टने अडकवा. अर्धा तास फिरवा: उतारावर ब्रेक लावून सोडा, एका हाताने वळवा, पायरी चढवा, नाल्याच्या जाळीवरून न्या. लहान चाकं जाळीच्या फटीत अडकतात. बेअरिंग नसलेली चाकं दहा मिनिटांत किंचाळायला लागतात आणि वेग वाढला की पुढची जोडी थरथरते. हँडलला सामानाची पिशवी अडकवून मूल उचलल्यासारखं वजन काढा. गाडी मागे पडली तर दोष गाडीचाच असेल असं नाही, पुष्कळ हलक्या गाड्या पडतात. पार्कात पिशव्या खालच्या टोपलीतच ठेवायच्या हे मात्र त्यातून पक्कं होतं. ही चाचणी गाडी झाकून, स्वच्छ ठेवून करा, नाहीतर ‘वापरलेला माल’ म्हणून परतावा नाकारतात.

तक्रार केल्यावर पुढे काय होतं ते बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून नीट सांगतो. पहिलं उत्तर गोड असतं: गाडी ठेवा, १५ टक्के परत देतो. तुम्ही नाही म्हटलं की २५, मग ४०. या बोलाचालीत रोज एक दिवस जातो आणि परतीची मुदत संपते. नंतर परदेशातला परतीचा पत्ता देतात, जिथे पाठवायचा खर्च गाडीच्या किमतीएवढा येतो. थोडा परतावा एकदा स्वीकारला, की ‘ग्राहकाने तडजोड मान्य केली’ असं दाखवून बँकेकडची तक्रारही पाडता येते. म्हणून तडजोड मान्य करू नका. बोलणं फोनवर न करता विक्रीच्या मंचावरच्या संदेशांतच ठेवा, आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा. तक्रार झाली की ते पान गायब होतं. कार्डाने पैसे भरले असतील तर ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणाखाली बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्या. मुदत बँकेला विचारून तारीख लिहून ठेवा.

आणखी एक डाव आहे. स्ट्रोलर येतच नाही. येतं एक पातळ पाकीट, आत एखादा रुमाल. विक्रेत्याला त्यातून ‘माल पोहोचला’ असा शिक्का असलेला ट्रॅकिंग क्रमांक मिळतो. अशा वेळी पाकिटावर छापलेलं वजन हाच तुमचा पुरावा. पाकीट फेकू नका, वजनाचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि कुरिअरकडून नोंदलेलं वजन लेखी घ्या.

वेळ नसेल तर भाड्याची गाडी बरी, पण तिथेही पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्या अनोळखी पानापासून सावध राहा. ‘हॉटेलवर आणून देतो’ म्हणणाऱ्याचा हॉटेलशी खरंच संबंध आहे का, याची आधी हॉटेलला फोन करून खात्री करून घ्या. पार्काच्या आत मिळणाऱ्या गाड्या बऱ्याच ठिकाणी कडक प्लास्टिकच्या, पाठ न झुकणाऱ्या असतात. तान्ह्या बाळासाठी त्या नाहीत.

दोन मुलांची गाडी घेताना पार्काचा मापाचा नियम आधी वाचा. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत १ मे २०१९ पासून ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, म्हणजे सुमारे ७९ आणि १३२ सेंटिमीटर, यापेक्षा मोठी स्ट्रोलर चालत नाही, आणि ओढायच्या वॅगन तर पूर्ण बंद आहेत. ‘सगळ्या पार्कांत चालते’ असं सांगून वॅगन विकणारे या नियमाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. तुमची गाडी प्रवेशद्वारावर अडवली जाते तोवर परतीची मुदत संपलेली असते.

जुनी गाडी घेत असाल तर मॉडेलचं नाव आणि अनुक्रमांक घेऊन ती कंपनीने परत मागवलेल्या मालात आहे का ते बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे १० लाख स्ट्रोलर परत मागवल्या होत्या. घडीच्या बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी होत्या, आणि उपाय म्हणून बिजागरीवर बसवायची झाकणं फुकट दिली गेली. झाकण नसलेली अशी जुनी गाडी आजही कुणाच्या माळ्यावरून विक्रीला येऊ शकते. कोणतीही जुनी गाडी असो, घडी घालून उघडताना बोटं सापडतील अशी उघडी फट दिसते का ते आधी बघा, आणि फट दिसली तर ती गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.