गेटऑप्ट की आर्गपार्स?

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीनचे भाव निवडून काढायला पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट चालवताना कमांडसोबत टाकलेले ‘--तारीख’सारखे पर्याय वाचायला सुरुवातीला गेटऑप्ट ही लायब्ररी घेतली. ते सी भाषेतल्या त्याच नावाच्या फंक्शनच्या वळणावर चालतं: पर्याय आणि त्यांना दिलेली मूल्यं वेगळी करून हातात देतं, बस्स. दिलेला भाव खरंच आकडा आहे का, हे आपणच बघायचं.

त्याच कामाची दुसरी लायब्ररी म्हणजे आर्गपार्स. ते २०१० पासून, म्हणजे पायथन २.७ पासून, पायथनसोबतच येतं. आकड्यांची तपासणी, उपकमांड (एकाच स्क्रिप्टमधल्या वेगवेगळ्या कामांच्या कमांड), मदतीचं पान, सगळं तयार.

पण एक सोय नडली. लांब नावाची पहिली अक्षरंही त्याला चालतात. धाकटा भाऊ ‘--तारीख’ऐवजी रोज ‘--ता’ एवढंच टाकायचा. मी ‘--तालुका’ जोडला आणि सकाळीच फोन: “दादा, कालपर्यंत तर चालू व्हतं की!” दोन नावं जुळली, स्क्रिप्ट अडली. गेटऑप्टही असंच करतं. आर्गपार्समध्ये निदान पायथन ३.५ पासून ते बंद करता येतं. माझ्या मते ते मुळातच बंद हवं होतं.

मदतीचं पान मात्र लायब्ररीनेच बनवावं. हाताने लिहिलेलं माझं पान चार महिन्यांत शिळं झालं होतं. एक-दोन पर्यायांपुरतं गेटऑप्ट पुरे, पण तेवढ्यावर थांबलेली स्क्रिप्ट माझ्याकडे एकही नाही.