ट्रेड मॅप: चिलीशी व्यापारासाठी माल निवडताना कितपत उपयोगी?

मशीद बंदर किंवा वाशीच्या मसाला मार्केटमधल्या व्यापाऱ्याला चिलीसारख्या दूरच्या देशाशी देवघेव सुरू करायची असली, की पहिला प्रश्न मालाचाच. काय पाठवायचं आणि काय आणायचं? जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं 'ट्रेड मॅप' हे संकेतस्थळ त्यासाठी नोंदणी करून मोफत वापरता येतं. जरूर वापरावं. पण त्याची खरी ताकद नको तो माल गाळण्यात आहे.

भारत आणि चिली अशी जोडी निवडली, की प्रत्येक एचएस कोडसमोर, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गवारीतल्या क्रमांकासमोर, तीन आकडे येतात: चिली भारताकडून किती घेतो, जगाकडून किती घेतो आणि भारत जगाला किती विकतो. 'संभाव्य व्यापार' हा आकडा यातूनच निघतो. शेवटच्या दोनांतला लहान आकडा घ्यायचा, त्यातून पहिला वजा करायचा. त्यात जहाजाचं भाडं नाही, आयातशुल्क नाही, हंगाम नाही, तिथल्या लोकांची चव नाही. नवखे लोक नेमके इथेच फसतात.

तांदूळ पाहा. कोड १००६३०. भारत जगातला सर्वांत मोठा निर्यातदार, त्यामुळे इथे संधी भरपूर दिसते. प्रत्यक्षात चिली आपला तांदूळ मुख्यतः अर्जेंटिना, पॅराग्वे अशा जवळच्या देशांकडून बिनशुल्क घेतो. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर तिथे पोचायला दीड-दोन महिने लागू शकतात. शिवाय बासमती आणि साधा पांढरा तांदूळ या एकाच कोडात असल्याने सरासरी भावावरून काही कळत नाही. आयातीच्या बाजूला तर यादीच्या माथ्यावर तांब्याचं खनिज, कोड २६०३. ते काम मोठ्या कारखान्यांचं. लहान व्यापाऱ्याने यादी बरीच खाली सरकवावी.

तिथे सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रतिटन भाव. मूल्य हजार डॉलरमध्ये दिलेलं असतं, हे आधी ध्यानात घ्या. निर्यातीचं उदाहरण घ्या: अख्खं जिरं ०९०९३१, जिरेपूड ०९०९३२. दोन्हींचा भाव वेगळा काढा. चिलीचा आयात भाव भाडं-विमा धरून म्हणजे सीआयएफ असतो, भारताचा निर्यात भाव एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच. म्हणून गुजरातेतल्या उंझ्याच्या जिरे बाजारातल्या दरात सफाई, पॅकिंग, बंदरापर्यंतचा खर्च, जहाजभाडं आणि विमा मिळवूनच तुलना करा. प्रमाण काही शे किलोच असेल, तर तो भाव सोडून द्या. तो बहुधा नमुन्यांचा किंवा विमानाने गेलेल्या मालाचा असतो. आणि जिथे जिरं पिकतच नाही असा देश पुरवठादारांत वर दिसला, तर तो आपल्यासारख्यांचा माल घेऊन पुढे विकतो आहे. त्याचा भाव आणि तुमचा हिशेब यांत फरक उरत असेल, तर तो कोड राखून ठेवा.

फळांसाठी वार्षिक आकडे कुचकामी. महिनावार तक्ता उघडा. चिलीत सफरचंदांची तोडणी साधारण फेब्रुवारी ते मे चालते, काश्मीर-हिमाचलचा माल ऑगस्टपासून जोर धरतो. मधल्या महिन्यांत वाशीला जागा असते. पण मे २०२३ पासून किलोला ५० रुपये किंवा त्याहून कमी सीआयएफ भावाचं सफरचंद भारतात आणता येत नाही, अपवाद भूतानचा. हा नियम ट्रेड मॅपवर सापडणार नाही. आरोग्य प्रमाणपत्राच्या अटीही नाहीत. शेतमालासाठी चिलीच्या 'एसएजी' या शेती-पशुधन खात्याच्या अटी खरेदीदाराकडून लेखी मागवा.

शुल्कासाठी त्याच संस्थेचा 'मार्केट ॲक्सेस मॅप' पाहावा. चिलीचं सर्वसाधारण आयातशुल्क सरसकट ६ टक्के. भारत-चिली करार मे २०१७ मध्ये वाढवला गेला आणि चिलीने १,७९८ शुल्क-ओळींवर, म्हणजे शुल्काच्या यादीतल्या तितक्या नोंदींवर, ३० ते १०० टक्के सूट दिली. १०० टक्के म्हणजे शुल्क शून्य, ३० टक्के म्हणजे ६ चं ४.२. तेवढ्या फरकासाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र काढायचं का, हे मालाच्या किमतीवर ठरवा.

गाळून चार-पाच कोड उरले, की आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत आठ अंकी कोड टाका. तिथलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, ट्रेड मॅपचं वर्ष बहुतेक देशांसाठी जानेवारी ते डिसेंबर. आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा, मग तिसऱ्या देशाच्या बंदरातून वळवलेल्या मालाचा विचार करा.