बुद्धिबळाच्या मध्यडावातली चाल शोधायला वही, पट आणि स्टॉकफिश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

साहित्य थोडंच लागतं. स्पर्धेच्या मापाचा गुंडाळता येणारा पट (एक घर साधारण साडेपाच सेंटिमीटर), वही, घड्याळ आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचं स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं इंजिन. लिचेस आणि स्टॉकफिश दोन्ही फुकट आहेत. पट टेबलावरच ठेवा. सोलापुरी चादरीवर अंथरला की जाड विणीमुळे सोंगट्या डुलतात.

कोडी सोडवून डावपेचांत हात बसलेल्या खेळाडूचं घोडं अडतं ते शांत स्थितीत. शह नाही, मारामारी नाही आणि चाल तर करायचीच आहे. अशा वेळी बहुतेक जण हत्ती उगाच एक घर सरकवतात. ही पद्धत त्याच जागेसाठी आहे.

पंधराव्या ते पंचविसाव्या चालीमधली स्थिती मांडा, इंजिन बंद ठेवा आणि दहा मिनिटं लावा. वहीत तीन ओळी लिहा. समोरच्याला लागोपाठ दोन चाली मिळाल्या तर तो काय करेल? आपला सर्वांत निकामी मोहरा कोणता आणि त्याचं योग्य घर कोणतं? कोणतं प्यादं पुढे टाकून फळी फुटेल? (दुसरा प्रश्न सोव्हिएत खेळाडू मकोगोनोव्ह यांच्या नावाने ओळखला जातो.) त्यातून दोन-तीन संभाव्य चाली निघतात. प्रत्येकीला शह, मार आणि धमकी अशी तपासणी लावा आणि मगच इंजिन सुरू करा.

पहिल्या ओळीचा कंटाळा येतो, पण सगळ्यात जास्त फळ तीच देते. १९७४ च्या नीस बुद्धिबळ ऑलिंपियाडमधला कार्पोव्ह–उन्झिकर डाव मांडून पाहा. ए-फाइल (पटाचा डावीकडचा उभा स्तंभ) खुली आहे आणि दोन्ही बाजूंचे हत्ती तिच्यावर डोळा ठेवून आहेत. जागेअभावी दाटलेल्या काळ्याला हत्तींची अदलाबदल हवी आहे. पांढऱ्याची चोविसावी चाल आहे उंट ए७. उंटाने फाइल बंद केली, त्याच्या आडून पांढऱ्याला हत्ती लावायला वेळ मिळाला आणि उंट हलेल तेव्हा फाइल पांढऱ्याचीच. ‘माझ्यासाठी चांगलं काय’ एवढंच विचारत बसलात तर ही चाल दिसत नाही.

तिसऱ्या ओळीवर सर्वाधिक चुका होतात, त्याही कार्ल्सबाड नावाच्या प्याद्यांच्या रचनेत. पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, डी४, ई३ आणि काळ्याची ए७, बी७, सी६, डी५. मायनॉरिटी अटॅक (कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर चढाई) सगळ्यांना पाठ असतो: हत्ती बी१, बी४, काळ्याने ए६ केलं तर ए४, मग बी५. सी६ वर मारामारी झाली की तिथलं प्यादं अर्धखुल्या सी-फाइलवर मागे राहतं. पण काळ्याचा घोडा डी७ वरून बी६ मार्गे सी४ गाठू शकत असेल, तर बी४ झाल्यावर तो स्वतःच बी५ करतो. सी६ कमकुवत झालं खरं, पण सी४ वरचा घोडा फाइलच बुजवतो आणि पांढऱ्याला ए४ किंवा ई४ ची वाट शोधावी लागते. म्हणून बी४ करण्याआधी तो घोडा कुठे आहे ते बघा.

दुसऱ्या ओळीतली फसगत वेगळी आहे. कोपऱ्यात बसलेला उंट निकामी वाटतो, पण तो एखादं नाजूक प्यादं राखत असतो. उंट हलला की प्यादं गेलं.

आता इंजिनबद्दल. तीन पर्याय दिसतील असं लावा. पहिल्या आणि तिसऱ्या चालीला इंजिनने दिलेल्या आकड्यांत ०.३ पेक्षा कमी फरक असेल तर आपली चाल चुकली असं धरू नका. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त असं राहिलेलं नाही. इंजिनच्या आपसातल्या डावांत जिंकण्याची शक्यता सुमारे ५० टक्के, असा त्याचा अर्थ आहे. संगणकावर लिचेसमध्ये ‘एक्स’ कळ दाबली की समोरच्याची धमकी बाणाने दिसते. पहिल्या ओळीचं उत्तर पडताळायला याहून सोपं साधन मिळालं नाही.

इंजिन चाल दाखवतं, कारण सांगत नाही. त्यामुळे त्याची चाल पटावर करून समोरची बाजू स्वतः खेळा आणि पाच-सहा चालींनी काय बदललं ते वहीत एका वाक्यात लिहा. हे टाळलं तर महिनाभरात वही नुसत्या आकड्यांनी भरते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की मोबाइलवरचं इंजिन रखडतं. फोन तापतो, वेग उतरतो आणि विश्लेषणाची खोली (इंजिन किती पुढचं पाहतं तो आकडा) बारा-चौदावर रेंगाळते. तेवढ्यावर दिसलेली पहिली चाल पुढे बऱ्याचदा बदलते. खोली बावीसच्या पुढे जाईपर्यंत थांबा, किंवा हे काम सकाळी उरका.

रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावात, एका चालीला दहा मिनिटं मिळत नाहीत. तिथे पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात, दोन मिनिटांत. याचा सराव हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना छान होतो. निघण्यापूर्वी वहीत सहा स्थिती काढून घ्या. सुमारे चार तासांच्या प्रवासात नेटशिवाय उत्तरं लिहा आणि इंजिन घरी परतल्यावरच उघडा.